ठुशीची दोरी

१८ जानेवारी
रंगुबाईंकडे हळदीकुंकू. वाण देता देता सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "राजेश्वरी, गळ्याला काय आलंय गं?" घरी येऊन आरशात पाहिलं. आहे! आवंढा गिळला की सुपारीएवढं वर सरकतं.

सासूबाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्यागत ठुशी घालत जा. गळ्याला घट्ट बसती, झाकून जातंय." यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर दागिना! वर स्वतःची मान पुढे केली — "माझी दोरी तेवढी सैल कर." दिवाळीपासून ही तिसरी वेळ. जेवण निम्म्यावर आलंय आणि गळा मात्र सुटत चाललाय.

२० जानेवारी
मेढ्याच्या डॉक्टरांनी पाणी प्यायला लावून गाठ चाचपली. रक्त घेतलं. "मानेची सोनोग्राफी करून घ्या, मग सुई घालून तपासायचं का ते ठरवू." सुई कशासाठी ते मी विचारलं नाही. कळलं होतं.

जयराजला फोनवर सांगितलं नाही. सीमेवर बसून तो काय करणार? आमचा शिवतेज पाच वर्षांचा आहे. मला मरायची भीती वाटते. इथे लिहिते, तोंडाने म्हणवत नाही.

२३ जानेवारी
रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, त्यावरून गाठीचं काही कळत नाही. मग घेतलं कशाला?

२७ जानेवारी, विश्रामबाग
माहेरी उतरलोय. सोनोग्राफी मिरजेला झाली. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. तिथली सिस्टर म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. सासूबाई उसळल्या, "पोरगा माझा बॉर्डरवर हाय. मंगळसूत्र काढायचं न्हाई." शेवटी ते माझ्या मनगटाला बांधलं. माझी ठुशी त्यांनी मुठीत धरली.

मानेखाली उशी, गळ्यावर गार जेल. डॉक्टरीणबाई नुसत्या मोजत होत्या. छतावर एक ओलीचा डाग होता, त्याच्याकडे बघत पडले. मग म्हणाल्या, "पाण्याने भरलेली आहे. कडा नीट आहेत. सुईची गरज नाही, वर्षाने दाखवा." मी रडले. चक्क हुंदके देऊन.

आणि सासूबाईंचं भलतंच. "पाण्याची नसली तर? टणक असली तर? आन् आवाज बसला तर वो?" बाईंनी शांतपणे सांगितलं — पडद्यावर काळी दिसली, कड वेडीवाकडी, रुंदीपेक्षा उभी जास्त, आत बारीक पांढरे ठिपके, तर लगेच सुई घालावी लागते. मला लाज वाटली. रिक्षात म्हणालेच, "आत्या, माझं चांगलं निघालं ते बघवेना का तुम्हाला?" त्यांनी पदर गळ्याशी ओढून घेतला.

२९ जानेवारी
घरी आलो. सासूबाई जेवल्या नाहीत. घास उतरत नाही म्हणाल्या. मला वाटलं, रुसल्यात.

३० जानेवारी
सकाळी त्यांनी आपणहून ठुशी काढली. खाली गाठ. माझ्या गाठीपेक्षा मोठी, दगडासारखी. गिळायला लावलं, जागची हलली नाही.

"तुझं काय निघतंय ते आदी बघायचं हुतं," म्हणाल्या. "घरात दोघींचं एकदम कशाला?"

तिन्ही वेळा दोरी मीच सैल केली.

उद्या परत मिरज. या वेळी त्यांची ठुशी माझ्या मुठीत असेल.