उदगीर ते मेलबर्न, सिंगापूर मार्गे

प्रिय लुंबिनी,

सप्रेम जयभीम. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. माझे गुडघे, माझी गोळी, माझं जेवण, सगळं विचारतेस. तुझं विचारलं की ‘बरंय’ म्हणून ठेवून देतेस. नववा महिना लागलाय, जिन्यावरून धावपळ करू नको.

परवा एक गंमत झाली. जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेला, त्यामुळं लांबचं गाव म्हटलं की मी आधी किलोमीटर विचारतो. मोबाइलवर हैदराबादचं विमानतळ ते तुमचं मेलबर्न टाकून बघितलं. अंतर नऊ हजारांच्या आसपास अन् वेळ अकरा-बारा तास. म्हटलं, हात्तिच्या! ही तर आपली पुण्याची रातराणी. मग स्टँडासमोरच्या विमानाच्या तिकीटवाल्याकडं चौकशी केली, तर तो म्हणतो अठरा तास. माझं डोकंच फिरलं. नायगावला निघालेल्या माणसाला उलटं लातूरवरून फिरवतोस का, म्हणून चारचौघांत झापलं त्याला. बिचारा हसत बसला. मोबाइलवरचं अंतर सरळ रेषेतलं अन् तसं थेट विमानच न्हाई. सिंगापूरला उतरायचं, बाकड्यावर बसून राहायचं, मग दुसरं धरायचं. शेवटी मीच त्याला चहा पाजला अन् चुकलो म्हणालो.

बाकी मजेत हाय. रोज नागुआत्याकडं जाऊन बाळंतिणीचं खाणं-न्हाणं शिकायलोय. अळिवाची खीर जमली. डिंकाचे लाडू आधी दगडासारखे झाले, आता बरे होतात. शेजारच्या शरणम्माच्या तान्ह्या नातीला पायांवर पालथी घेऊन तेल लावलं, न्हाऊ घातलं. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू दे. पोर न्हाऊन गाढ झोपली, मला लई बरं वाटलं.

तुझी आई असती तर तिनं कधीच बॅग भरली असती. पहिलं बाळंतपण माहेरच्याच हातानं, हा तिचा हट्ट. मागं तू रडत म्हणालीस, आई गेली अन् माझं माहेरच संपलं. ते मला फार लागलं, पोरी. मी येऊ का विचारलं, तर म्हणालीस, बाळंतपणात बाप्या माणूस काय करणार, अन् एवढा प्रवास गुडघ्यांना झेपायचा न्हाई. मी नुसतं हाव म्हणालो.

आता ऐक. जावईबापूंना ओरडू नको. पासपोर्ट, व्हिसा त्यांनीच केला, पण तुला सांगायचं न्हाई असं वचन मी घेतलं होतं. हे पत्र पोस्टात पडणार न्हाई. जावईबापूच मला विमानतळावर घ्यायला येतील, तेच हे तुझ्या हातात देतील. तू इथवर वाचशील तेव्हा मी तुमच्या दाराबाहेर पायरीवर बसलेलो असेन. रडू नको. भिंतीला धरून सावकाश ऊठ अन् दार उघड. तुझं माहेर आलंय.

तुझाच,
बाबा