पहिल्या पळसफुलापर्यंत

धंतोली, नागपूर
मे १९६४

चिरंजीव चंपत,

एडनहून धाडलेला तुझा फोटो सकाळपासून पाहून राहिली. नुसता खडक, झाडाले पान नाही, अन् गुलाबी फुलं कशी लदलेली! त्या जंगली झाडाले पाणी कोण घालते गा?

"नागपूरच्या उन्हात काय उगवते, बाई?" म्हणून तू नोकरीले तिकडे गेला. मी दरसाल गुलाब लावले, अन् मेले की उन्हाले शिव्या दिल्या. आज एकदम आठवलं, आपला पळसही पानं टाकून असाच फुलते. तो अंगणात काहून नाही लावला कोणी?

गुलाबाच्या आळ्यात पळसाचं बी पेरलं. फुलाले दहा वर्षं लागतील म्हणतात. मी आताच साठीची. लागू दे. तोवर हे पत्र टाकत नाही. पहिलं फूल यातच घालून पाठवीन.

तुझी बहीण,
गोपिका, इथंच