रुपचंद नानांचा होकार ई-मेलवर

रविवार, ३ फेब्रुवारी २००२
धुळ्याचे रुपचंद नाना मुलाला घेऊन आमच्या मुलीला, डिंपलला पाहून गेले. मुलगा हितेंद्र, पुण्यात इंजिनियर. डिंपलला पसंत आहे, पोहे देताना हसली. निघताना नाना म्हणाले, फोन करून कळवतो. मी म्हटलं, नाना, फोन कशाला? ई-मेल करा, आपल्याकडे इंटरनेट आहे. पत्ता चिठ्ठीवर लिहून हितेंद्रच्या हातात दिला. छापच पडली.
अख्ख्या गल्लीत इंटरनेट घेणारा मी पहिला. अजून लागलेलं नाही, ते उद्या लावू.

सोमवार, ४ फेब्रुवारी
मॉडेम जोडला. खर्रर्र, चिर्रर्र, मग गप्प. पुन्हा डायल. पुन्हा गप्प. मशीनवर चिडायचं नाही असा संकल्प केला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी
चिडलो. पण थोडाच.

बुधवार, ६ फेब्रुवारी
जळगावच्या योगेंद्रकडून मॉडेम घेतला होता, त्याला विचारलं. घरचा फोन मॉडेमने अडवलेला, म्हणून कोपऱ्यावरच्या बूथवर जावं लागलं. तो म्हणाला, लाइनमध्ये खरखर असेल, तक्रार द्या. ग्राहकाला टोलवायची सवय.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी
मोठा शोध! एक सेटिंग केलं की मॉडेम स्वतःच पुन्हापुन्हा डायल करतो. सकाळी चालू करून मी निवांत कृषी केंद्रात. मी खत विकतोय आणि घरी काम आपोआप चाललंय. चोपड्यात हे कोणाला सुचलं असतं?

सोमवार, ११ फेब्रुवारी
मेहुणा नथ्थू जामनेरहून एस.टी.ने आला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे, "तुमना फोन बठ्ठा दिन एंगेज शे. मन्हा जीव घाबरना." दिवसभर फोन एंगेज, एवढ्यावरून घाबरायचं? मी त्याला ई-मेल करत जा म्हणून सांगितलं. चहा पिऊन गेला. कापूस पिकवणाऱ्याला किती समजावणार?

बुधवार, १३ फेब्रुवारी
आज कनेक्शन लागलं! मेलबॉक्स उघडणार, इतक्यात सौ. सुनंदाने फोन चालू आहे का बघायला रिसीव्हर उचलला. तुटलं. नानांचं उत्तर येईपर्यंत फोनला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. ती म्हणाली, "जबाब ते फोनवरच येई ना?" मी तिला नवं युग समजावलं. ती भाजी निवडत बसली. डिंपल दर तासाला विचारते, आलं का?

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
लाइट गेली. मॉडेमला अगरबत्ती ओवाळली. श्रद्धा नाही, पण नुकसान काय?

रविवार, १७ फेब्रुवारी
लागलं! डिंपलला हाक मारली. हितेंद्रचे तीन ई-मेल. मोठ्याने वाचले.
पहिला, सहा तारखेचा: "काका, बाबांचा होकार आहे. ते फोन करताहेत, एंगेज येतोय."
दुसरा, अकरा तारखेचा: "अजून एंगेजच. बाबांना वाटतंय, तुमची दुसऱ्या स्थळाशी बोलणी चाललीत. प्लीज फोन करा."
तिसरा, कालचा: "आज पारोळ्याला माझी सुपारी फुटली, लग्न ठरलं. बाबांनी तिकडे शब्द दिला, मला मोडता आला नाही. मला डिंपल आवडली होती."
तिन्ही अगदी व्यवस्थित पोहोचले. एक अक्षर गळलं नाही.
डिंपल उठली. मॉडेमची वायर काढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सौ.ने माझं ताट वाढलं नाही.
संध्याकाळपर्यंत मी फोनजवळ बसून होतो. लाइन मोकळी, पण एकदाही वाजला नाही. लाइनमध्येच दोष असणार. उद्या तक्रार देतो.