तोंड दिसलं पाहिजे

प्रिय मामा,

एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? सासऱ्यांना तर कुणीच लिहीत नाही. पण उद्या शनिवार आहे, आणि उद्या आपल्या रेडिओवर पुन्हा पाहुणा येतोय. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मधल्या काळात घरात काय काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला माईकसमोर बसवणार नाही. शिवाय पत्राची एक सोय आहे, ओरडावं लागत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तुमच्याशी ओरडूनच बोलले. नवीन आलेल्या शेजारणींना वाटायचं, ही सून भारीच तोंडाळ आहे!

आपण त्याला रेडिओ म्हणायचो आणि बाहेरचं कुणी आलं की हसायचं. ना टॉवर, ना स्टुडिओ. आपली पुढची खोली, एक ॲम्प्लिफायर, एक माईक आणि तारेने जोडलेले तीन कर्णे. एक नळापाशी, एक कडुनिंबावर, एक किराणावाल्याच्या पत्र्यावर. हे सगळं मिलच्या गेटावरच्या सभांचं सामान. मिल बंद पडली, सभा पुढे काही वर्षं चालल्या, मग तिथे बोलणारेच उरले, ऐकणारे नाहीत. एके दिवशी तुम्ही ते सामान हातगाडीवर घालून घरी आणलंत. आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारला. तुम्ही म्हणालात, नारे बहुत हो गए, आता गाणं वाजवू.

आणि वेळ कुठली निवडलीत? संध्याकाळची पाळी सुटायची ती. भोंगा वाजायचा थांबला तरी चाळीतली माणसं त्या वेळेला दारात येऊन उभी राहायचीच. काही काम नसलं तरी यायची. त्या रिकाम्या वेळेत तुम्ही पाहुणे बसवलेत.

बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी महूची, पलटणीतल्या आजोबांची नात, आवाज खणखणीत. नमस्कार, जय भीम, आदाब, आज आपल्याकडे आले आहेत अमुक अमुक. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. चुकू नये म्हणून मी सगळं लिहून काढायचे आणि कागद दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायचे. तुम्ही समोरून खुणा करायचात. "नंदा, कागद खाली धर, बाई." दर शनिवारी! मला असा राग यायचा! वाटायचं, बारावी झालेली सून वाचून दाखवते हे यांना बघवत नाही. विनोदला मी म्हणालेही होते, तुझ्या वडिलांना माझ्या कागदाचं काय वावडं आहे ते एकदा विचार.

पहिला पाहुणा आठवतो? उस्मान भाई, लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले. त्या दिवशी तुम्ही जी चूक केलीत ती मिलच्या लूम खात्यात, मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. माईक चालू करून तपासलात, तुम्हाला काही ऐकू आलं नाही, म्हणून तो बंद आहे असं धरून चाललात. वर आवाजाची कळ पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलीत. उस्मान भाई तुमच्या कानाशी येऊन ओरडले, कारण तुमच्याशी बोलायची तीच रीत. आणि ते अख्ख्या चाळीने ऐकलं.

"मास्टर, अपने से नहीं होगा. सारी उमर बारात में बजाया. वहाँ सब नाचते हैं, बैठ के कोई सुनता नहीं. यहाँ कोई बैठेगा क्या?"

नळावरच्या बायका आधी हसल्या. मग त्यांनी हंडे खाली ठेवले. तुमच्याच खात्यातले दशरथ काका घरात गेले, दरी काढून आणली आणि आपल्या ओट्यासमोर अंथरून बसले. त्यांच्यामागे आणखी एक दरी आली, मग पोती, मग कुणाची तरी सतरंजी. उस्मान भाईंनी खिडकीतून पाहिलं आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं. नंतर ते जे वाजवत सुटले ते थांबायचं नावच घेईनात. तुम्हाला मी नंतर सांगितलं की माईक आधीपासून चालू होता. तुम्ही लाजाल असं मला वाटलं होतं. तुम्ही तर नियमच करून टाकलात! पाहुणा तयार व्हायच्या आधी माईक उघडायचा. सूर जुळवणं, खाकरणं, पाणी मागणं, घाबरणं, सगळं लोकांना ऐकू द्यायचं.

दुसरा नियम, पाहुण्याचं तोंड खिडकीकडे. भिंतीशी टेकून बसणं सोयीचं असलं तरी नाही. आणि तिसरा, कॅसेट लावायची नाही. पाहुणा आला नाही तर चाळीतलं कुणीतरी गाईल, तेही नसेल तर रेडिओ गप्प बसेल. विनोदने एकदा टेपरेकॉर्डर आणून ठेवला तर तुम्ही तो पेटीवर टाकतात तसा टॉवेल टाकून झाकून ठेवलात. हट्टी माणूस! असं आम्ही सगळे म्हणायचो, तुमच्या पाठीमागे. म्हणजे तुमच्या देखतच, पण तुमची पाठ असताना.

मग केसरबाई आल्या त्या दिवशी मला कळलं. देवासकडून आल्या होत्या, तंबूरा घेऊन, माळवीत भजनं गायल्या. तुम्ही नेहमीसारखे पाहुणा बसायचा त्या लाकडी तक्त्यावर तळहात ठेवून बसलेले, पण त्या दिवशी डोळे मिटलेले. गाता गाता बाईंना ठसका लागला आणि त्या थांबल्या. तंबूराही थांबला. तुम्ही थांबला नाहीत. दुसऱ्या हाताने मांडीवर ताल देत राहिलात, मान डोलवत राहिलात, चेहऱ्यावर तेच समाधान. खोली गप्प, आणि तुमचा ताल चालू. केसरबाईंनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाण्याचा घोट घेऊन त्यांनी तुमच्याच हाताच्या ठेक्यावर पुढची ओळ उचलली. बाहेर कुणाला काही कळलं नाही.

कमी ऐकू येतं हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. लूमवरच्या कुणाचे कान धड आहेत? पण काहीच येत नाही? पाहुणे गेल्यावर मी तुमच्यासमोर येऊन विचारलं. ओरडले नाही, नुसते ओठ हलवले, आवाज न काढता. मामा, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही का?

आणि तुम्ही उत्तर दिलंत! "अगं, तोंड दिसतं ना. खात्यात कुठे काय ऐकू यायचं? तिकडे पण तोंडं बघूनच बोलायचो अपन. गवय्याचं तोंड दिसलं की मला गाणं समजतं. कॅसेटला तोंड असतं का?"

मग मी इतकी वर्षं घसा फोडून ओरडत होते ते कुणासाठी?

वर तुम्ही मला बजावलंत, विनोदला सांगू नको, तो हे सगळं बंद करायला लावेल. मी कबूल केलं. मामा, याबद्दल मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. मुलापासून लपवायचं आणि सुनेला सांगायचं, हे कुठलं शहाणपण? तुम्ही जाईपर्यंत मी ते एकटीने सांभाळलं. त्याची काय किंमत होती ते मला मागच्या आठवड्यात कळलं.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि नंतर काही दिवसांत केबलवाले भिया घरी आले. विनोद त्यांच्याकडेच वायरमन, तुम्हाला माहीतच आहे. प्रस्ताव साधा होता. त्यांच्याकडून एक तार आपल्या ॲम्प्लिफायरला, दिवसभर फिल्मी गाणी, मधे मधे दुकानांच्या जाहिराती, विजेचं ते बघतील. पाहुणे शोधायची कटकट नाही. विनोदला ते पटलं. तो म्हणाला, आता लाइव्ह कोण ऐकतंय गं, विजय नगरला एफएमवाल्यांनी काचेचं ऑफिस थाटलंय आणि आपण कडुनिंबाला कर्णा बांधून बसलोय. त्याचंही खोटं नव्हतं. लग्नात डीजे आले, बँड मोडले, पाहुणे मिळणं अवघडच झालं होतं. मी दुःखात होते, मोडता घातला नाही. तार जोडली गेली.

गाणी चांगली होती, मामा. चाळीतल्या पोरी खूश होत्या. शनिवार आला, पाळी सुटायची वेळ झाली, आणि मी सवयीने खिडकीत येऊन बसले. ओट्यासमोर एकही दरी नव्हती. फक्त दशरथ काका आले होते. दरी काखेत धरून कडुनिंबाखाली उभे होते आणि मान वर करून कर्ण्याकडे बघत होते. कर्ण्याच्या आत. गाणं चालू होतं, आणि ते त्याच्यात काहीतरी शोधत होते. बराच वेळ उभे राहिले. मग दरी तशीच घेऊन घरी गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कर्णे घरोघरी ऐकू येत असताना ती माणसं दर शनिवारी दऱ्या घेऊन का येत होती? मला वाटायचं, पाहुण्याचा मान म्हणून. पण पुढच्या रांगेत कोण असायचं? सगळे लूमवाले. तुमच्यासारखेच. आणि खिडकीकडे तोंड करून पाहुणा का बसवायचा तेही तेव्हाच उमगलं. तुम्ही एकट्यासाठी काही केलंच नव्हतंत.

विनोद कामावरून आला तेव्हा मी ॲम्प्लिफायर बंद करून दारात उभी होते.

"भियांना सांग, तार काढून घ्या. नाहीतर मी काढते."

"आणि माझी नोकरी?"

"तुझी नोकरी खांबावर चढायची आहे. माझ्या माईकवर नाही."

मग मी त्याला सगळं सांगितलं. तुम्हाला दिलेला शब्द मोडला, आणि त्याची मला जराही खंत नाही. तो ऐकून घेत होता. केसरबाईंचं सांगितलं, तुमचं बिनआवाजाचं बोलणं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "मी रोज निघताना दारातून म्हणायचो, बाबा, येतो. ते कधी वळून बघायचे नाहीत. मला वाटायचं केबलचं काम धरलं म्हणून नाराज आहेत." मी म्हटलं, त्यांची पाठ असायची रे. तो म्हणाला, हो, पाठच असायची. मग तो बाहेर गेला, शिडी लावली आणि ती तार स्वतःच्या हाताने उतरवली. दुसऱ्या दिवशी भियांशी त्याचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. नोकरी आहे अजून. तोंड वाकडं आहे, त्याचं नाही, भियांचं.

एकदा जरी वळला असतात, मामा! तुम्ही सांगितलं असतंत तर तो समोर येऊन बोलला असता. इतकंच करायचं होतं त्याला.

मी उस्मान भाईंना शोधायला गेले. बँड बंद झालाय, कृष्णपुऱ्यात राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या जवळ पुतण्याचं सायकलचं दुकान आहे, तिथे बसतात. मला बघून उठून उभे राहिले. तुमचं सांगितल्यावर बराच वेळ रुमालाने डोळे पुसत बसले. मग म्हणाले, दात गेले, क्लॅरिनेटची पत्ती ओठात धरता येत नाही, फूंक पुरत नाही, आता काय बजाएँगे. मी म्हटलं, जे होईल ते, माईक आधीच उघडा असेल. त्यांनी तेच विचारलं जे तेव्हा विचारलं होतं, बैठेंगे क्या लोग? मी म्हटलं, दऱ्या घेऊन बसतील.

तर उद्याचं असं ठरलंय. पाहुणा आत बसणार नाही, ओट्यावर बसेल, उजेडात. विनोदने माईकची तार लांबवून बाहेर काढली आहे. दशरथ काकांना मी घरी जाऊन, समोर उभी राहून, हळूहळू सांगून आले. त्यांनी दरी झटकायला काढली आहे. पाहुणा मिळेल तोवर दर शनिवारी पाहुणा, नाही मिळाला तर मी स्वतः गाईन, कसंही. पण त्या कर्ण्यातून यापुढे बिनतोंडाचं काही वाजणार नाही. हा माझा शब्द, आणि हा मोडणार नाही.

आणि आणखी एक. उद्या मी बोलायला उभी राहीन तेव्हा काही लिहून आणणार नाहीये. चुकले तर चुकले. दोन्ही हात मोकळे असतील आणि तोंड त्यांच्याकडे असेल. पहिलं वाक्य तुमच्यासाठी बोलणार आहे, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. बाकी चाळ म्हणेल माईक बंद पडला. पुढच्या रांगेला बरोबर कळेल.

तुमची सून,
नंदा