गिझीने मंगळवार सोडला

३ ऑक्टोबर, मंगळवार
बायकांचा वार. टेकडीखालच्या गरम पाण्याच्या जुन्या हमामात मी वेळेवर हजर. गिझी नाही! घुमटाखालच्या हौदात खांबाजवळची पायरी आमची, हे नदीच्या या काठावर सगळ्या बुदाला ठाऊक आहे. आज तिच्या जागी कुणी परकी बाई पाय पसरून बसली होती. तिला दुसऱ्या खांबाकडे पाठवलं.

गिझीशिवाय पाणी कोमट वाटतं. स्वभावाने ती अगदी अबोल, म्हणूनच इतकी वर्षं आमचं जमलं. मी बोलते, ती डोळे मिटून ऐकते. कधीकधी पाण्याखाली जाऊन ऐकते.

घरी येऊन फोन केला. म्हणाली, गुडघा दुखतो, डॉक्टरांनी गरम पाणी बंद केलंय. आश्चर्य आहे. आपल्याकडचे डॉक्टर गुडघा बघायच्या आधी गरम पाणी लिहून देतात. पण गिझी खोटं बोलत नाही. मुळात बोलतच नाही.

निश्चय: तिला आराम हवा. आठवडाभर फोन करायचा नाही.

४ ऑक्टोबर
आठवडाभर फोन करणार नाही, हे कळवायला गिझीला फोन केला. सविस्तर कळवलं.

१० ऑक्टोबर, मंगळवार
काळा दिवस.

कपड्यांच्या खोल्या सांभाळणारी इबोया मला बघून हसली. "काय व्हिल्माआजी, आजही कान घरीच ठेवून आलात?" मला उत्तम ऐकू येतं. तसं तिला सांगितलं. मग म्हणाली, "अहो, गिझीआजींचं म्हणतेय मी. त्या नदीपलीकडे पेस्टला जातात ना आता, दर गुरुवारी! माझी बहीण तिथे तिकीट खिडकीवर असते. ऑगस्टातच पास काढलाय त्यांनी. तुम्हाला नाही बोलल्या?"

मी म्हटलं, बोलली की, विसरले मी. आणि गार पाण्याच्या हौदात उतरले. एरवी उतरत नाही.

पेस्टला! बागेतल्या त्या पिवळ्या राजवाड्यात, जिथे बायका-पुरुष एकाच पाण्यात, टुरिस्ट फोटो काढतात, आणि वर उघडं आभाळ. ऑगस्टात मी तिला माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची पूर्ण हकीकत सांगत होते, तेव्हा तिच्या पर्समध्ये तो पास होता. माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

११ ऑक्टोबर
निश्चय: गिझी हा विषय संपला. नाताळात तिला खसखशीचा रोल पाठवायचा नाही. अक्रोडाचाही नाही.

संध्याकाळी फोन केला. उचलला नाही. म्हणजे निश्चय पाळला गेला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
नवी मैत्रीण शोधायला सुरुवात. खांबाजवळच्या त्या परक्या बाईशी ओळख काढली. भली वाटली. पण तिला एकाएकी उकडायला लागलं आणि ती गेली. पुढच्या हौदात पाणी याहून गरम होतं, तिथे बसली. लोकांना तब्येतीची अक्कल नसते.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
पेस्टला गेले. पाळत ठेवायला नव्हे. हाडांना पाण्याचा पालट चांगला.

नवऱ्याची, कै. यानोशची काळी रबरी टोपी भुवयांपर्यंत ओढली. छातीभर पाण्यात बुद्धिबळ खेळणारे म्हातारे असतात, त्यांच्यामागे नाकापर्यंत बुडून उभी राहिले. एकजण खेकसला, "बाई, हलू नका, लाटेने माझा घोडा जाईल." सभ्यता राहिलेली नाही.

आणि आवाज आला. आधी ओळखलाच नाही. गिझीचा! पाच-सहा बायकांच्या मधोमध बसून ती बोलत होती. हातवारे करत, पाणी उडवत. लग्नाआधीची गोष्ट. झुग्लो भागातल्या बल्गेरियन माळ्याचा मुलगा, हृस्तो, भोपळी मिरच्यांची घोडागाडी घेऊन गल्लीत यायचा. हिचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना म्हणाला, बस गाडीत, कोपऱ्यापर्यंत सोडतो. ही मिरच्यांच्या ढिगावर बसली. कोपरा आला, गाडी थांबली नाही. पूल आला, थांबली नाही. "मी म्हटलं, अरे माझ्या आईने नूडल्स टाकलेत! तर म्हणतो, मिरची खा."

बायका खिदळत होत्या. मीही मोठ्याने हसले. ऐकता ऐकता कधी म्हाताऱ्यांना ओलांडून पुढे आले, कळलंच नाही. टोपीही सटकली होती.

गिझीने पाहिलं. तोंड मिटलं.

"अगं मग? पुढे काय झालं?" बायका म्हणाल्या.

"काही नाही. संपलं," म्हणाली आणि पायऱ्या भराभर चढून गेली. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

२० ऑक्टोबर
पेस्टचं मी माफ करू शकते. पण बल्गेरियन? इतकी वर्षं एका पाण्यात बसलो. तिच्या पाठीवरचा तीळ न् तीळ मला माहीत आहे, आणि एक अख्खा माणूस तिने माझ्यापासून लपवून ठेवला.

मी कधी विचारलं नाही, असं कोणी म्हणेल. विचारायची गरज काय? मैत्रीण आपणहून सांगते. एकदा, फार पूर्वी, "लग्नाच्या आधी मी" असं काहीतरी तिने सुरू केलं होतं खरं. त्यावरून मला माझं लग्न आठवलं.

काल तिने तोंड मिटलं, ते मला बघून. हे आज दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

२२ ऑक्टोबर
निश्चय, आणि हा शेवटचा: उद्या फोन. एकच प्रश्न विचारायचा. पुढे काय झालं? मग गप्प. रिसीव्हर हातात घेऊन सराव केला. छान जमतं. तोंडात लिंबाची गोळी ठेवली की आणखी सोपं.

२३ ऑक्टोबर
राष्ट्रीय सुट्टी. गिझी घरीच होती. दुसऱ्या घंटेला उचलला.

"बोल व्हिल्मा," म्हणाली.

बोल म्हणाली म्हणून मी बोलले. आज मी फक्त ऐकायला फोन केलाय, हे आधी स्पष्ट करणं भाग होतं. मग माझ्या मनाला किती लागलं ते. मग मी कसं माफ केलं ते. मग मुळात मी किती चांगली श्रोती आहे ते, उदाहरणं देऊन. यानोशचं उदाहरण दिलं, पित्ताशयाच्या डॉक्टरांचं दिलं. मध्ये दोनदा ती म्हणाली, "व्हिल्मा, माझं सूप उतू जातंय." मी म्हटलं, जाऊ दे गं, हे महत्त्वाचं आहे. तेव्हा तिने उसासा टाकला. मग बराच वेळ काही म्हणाली नाही. मला बरं वाटलं, पूर्वीसारखं. गोळी संपली तेव्हा लक्षात आलं की फोन कधीचा बंद झालाय.

पूल ओलांडल्यावर हृस्तोने गाडी कुठे नेली, ते विचारायचं राहिलं.

पुन्हा लावला. एंगेज. तासाने लावला. एंगेजच. कोणाशी तरी बोलत होती.