बत्ताशाचं घमेलं

सास्तूर, ता. लोहारा
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. वर्षाराणी हिस,
सासरे धुळाप्पा यांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप आहोत. तू आणि समर्थही पुण्यात तसेच असाल असं धरून चालतो.

फोन सोडून कागद का घेतला, म्हणशील. तीस वर्षं गावात टपाल वाटलं, हे एक कारण. फोन लावला की तुझी सासू नागूबाई कानाशी येऊन उभी राहते, हे खरं कारण.

घरमालकाला मांजर चालत नाही म्हणून चैत्रात तू बत्ताशाला आमच्याकडं ठेवलंस. बोका कसा गुणाचा होता! न्हाणीजवळच्या घमेल्यात जायचा, वर वाळू ओढून साळसूदासारखा बाहेर यायचा. आता आठवडा झाला, घमेल्याकडं ढुंकून बघत नाही. एकदा ज्वारीच्या पोत्यामागं, एकदा माझ्या जोड्यात, आणि परवा तर बिरोबापुढं अंथरलेल्या घोंगडीवर. तिथं मात्र नागूबाईचा पारा चढला. म्हणाली, लई झाले लाड, ह्येला रानात मेंढरांच्या वाड्यावर सोडून या. तिथली कुत्री कशी आहेत ते तुला ठाऊक आहे. पोळ्यापर्यंतची मुदत मी कशीबशी मागून घेतली आहे.

पंचमीला तुझी वाट पाहिली. समर्थ एकटाच आला, तुला रजा नाही म्हणाला. चैत्रात बोका ठेवून तू त्याच संध्याकाळी परतलीस, त्यानंतर तुझं तोंड दिसलं नाही. घर सुनं वाटतं, हे लिहून टाकतो.

तुझं कुशल कळवत जा.
धुळाप्पा

पुणे
१८ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर इतकं देखणं की घोंगडीची बातमीसुद्धा शुभवर्तमान वाटली.

मामा, त्याला वाड्यावर सोडू नका, पाया पडते. डोळे उघडले नव्हते तेव्हापासून मी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलंय. आधी एवढं बघा, लघवीला कुंथतो का? थेंब थेंब होते का? तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. बोक्याचं तुंबलं तर जिवावर बेततं. तसं नसेल तर आठवून बघा की काय बदललं. वाळू दुसरी आणली, घमेलं हलवलं, आत्यांनी फिनेल ओतलं, असं काही? मांजर उगाच जागा सोडत नाही.

रजेचं तुमच्याशी खोटं बोलवत नाही. रजा शिल्लक आहे. माझंच येणं होत नाही. समर्थला रागावू नका, मीच त्याला तसं सांगायला लावलं.

आत्यांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
वर्षा

सास्तूर
२५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. वर्षाराणी हिस,
दोघांचे आशीर्वाद. बत्ताशा ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवी साफ आहे, दुखणं काही नाही. वाळू तीच, जागा तीच. डॉक्टरांनीच विचारलं की कानाचे थेंब कसे घालता, आणि माझी ट्यूब पेटली.

जुलैच्या शेवटाला त्याचे कान खाजत होते म्हणून तिथूनच थेंब आणले होते. बोका एरवी हाती लागतोय कुठं! नागूबाईनं युक्ती काढली. तो घमेल्यात बसला की मागून धरायचं आणि कानात थेंब सोडायचे. सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. बिचाऱ्याला घमेलं दिसलं की पुढं काय होणार ते कळायचं. मग तो कशाला जातोय तिथं?

आमच्यात मेंढरामागं जाणाऱ्या पोराला पहिली गोष्ट शिकवतात, की पाण्यावर आलेलं मेंढरू धरू नये. कातरायचं, औषध पाजायचं ते वाड्यात. पाण्यावर एकदा धरलं की ते तहानेलं राहील, पण पुन्हा पाण्याजवळ यायला बिचकेल. लहानपण मेंढरांत गेलं आणि आम्ही दोघं म्हातारे नेमकं हेच विसरलो.

ओसरीच्या कोपऱ्यात नवं घमेलं ठेवलं. तो तिकडं गेला की आम्ही पाठ फिरवायची असं ठरलं. तिसऱ्या दिवशी गडी आपणहून गेला. वाड्यावर धाडायचं आता कुणी बोलत नाही.

हे सगळं नागूबाईला समजावून सांगितलं तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, वर्षालाबी आपुन ताटावरच धरलं की वो.

खरं आहे. दिवाळीत तू पहिला घास घेतलास आणि तिनं पाळणा कधी हलणार असं विचारत मूल होण्याच्या औषधाची पुडी पुढं केली. संक्रांतीला तेच, चैत्रात तेच. मी समोर बसून भात कालवत होतो, एका शब्दानं तिला अडवलं नाही. त्याची मला लाज वाटते, पोरी.

ती आता विचारणार नाही. बिरोबाची आण घेतली आहे तिनं, मी मागितली नव्हती. पुड्या चुलीत गेल्या. तू ये किंवा येऊ नकोस, दार उघडं आहे.
धुळाप्पा

पुणे
१ सप्टेंबर २०२४

ती. आत्यांस,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

तुमच्या नावानं हे माझं पहिलंच पत्र. मामांनी वाचून दाखवावं, आणि वाचताना मध्ये थांबू नये.

आत्या, तुम्ही विचारणार नाही म्हणालात, म्हणून मीच सांगते. जूनमध्ये मला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. राहिलं नाही. समर्थशिवाय कुणाला ठाऊक नाही, माझ्या आईलाही नाही. तेव्हा सारखं वाटायचं की उठावं आणि तुमच्याकडं यावं. एकदा पिशवीही भरली होती. पण ताट वाढलं की तोच विषय निघेल, आणि भरल्या ताटावर मला हे सांगवणार नाही, म्हणून पिशवी परत रिकामी केली.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी येते, चार दिवस राहीन. फराळाचं, पुरणाचं सगळं मी करीन. फक्त आल्या दिवशी मला काही करायला लावू नका. तुमच्याजवळ निजू द्या.

तुमची,
वर्षा