पुसणीच्या कॅमेऱ्यातली आई

५ मार्च

चि. पुसणीस, अनेक आशीर्वाद.

बाबांच्या माळ्यावरची टाकी गळत होती म्हणून चढलो, तर आपला लहानपणचा डिजिटल कॅमेरा सापडला. बॅटरी फुगली होती, पण आतलं कार्ड शाबूत. मी पडलो लिफ्ट दुरुस्त करणारा, स्क्रू दिसला की हात शिवशिवतात; तरी शहाण्यासारखं कार्ड दुकानदाराकडे नेलं. त्याने पुसलेले फोटोसुद्धा परत काढून दिले. आई आली गं. सोबत पाठवतोय.

आता नीट वाच. तू सहा वर्षांची असताना भलतंच बटण दाबून आईचे सगळे फोटो घालवलेस, असं बाबा सांगत आले आणि मी तुला पुसणी हे नाव ठेवलं. पण मांजर, सायकल, तुझे पडलेले दात, सगळं कार्डावर जागच्या जागी होतं. पुसलेले फक्त आईचे, एकेक निवडून. आई गेल्यावर कॅमेरा बाबांच्या कुलपात होता, तुझ्या हातात आला तो नंतर. बाबांना विचारलं, तर म्हणाले, टाकी गळायची थांबली का ते बघ.

माया आहेच, राग आला तर तोही कळव.

तुझा दादा

१४ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासते, पण काल मलाच काही दिसेना. ओट्याजवळ आई तोंडात पिना धरून माझी वेणी घालतेय आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलेय. आजवर आई म्हटलं की मला फक्त दवाखान्यातली चादर आठवायची. चेहरा आपणच पुसला, मग आठवेल कुठून, अशी मनाची समजूत घालायचे.

हिच्या हातात फोन देऊ नका रे, म्हणून घरात सगळे हसायचे. मीही हसायचे. माझ्या लेकीचा पहिला फोटो मी नर्सला काढायला लावला. तुझ्यावर राग नाही, तू पोर होतास. ते मोठे होते. मी त्यांनाच सरळ पत्र टाकलंय.

लोभ असू दे, हाक मात्र बदल.

तुझी धाकटी

२३ मार्च

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघे बरे आहेत. टाकी अजून ठिबकते, तुझ्या दादाचं काम हे असं.

मला दुसरा संसार मांडायचा होता. येणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर ते फोटो नकोत, म्हणून काढून टाकले. तू कॅमेरा घेऊन रडत आलीस आणि विचारलंस, माझ्यामुळे गेली का आई. मी हो म्हणालो. म्हटलं, लहान आहे, चार दिवसांत विसरेल. पुढे सगळे हसायलाच लागले, मग विषय कशाला काढायचा? खाण्यापिण्यात, शिक्षणात तुला काही कमी केलं नाही. आता हे उकरून तू काय मिळवलंस, ते तूच जाण.

एक काम कर. तू लिहिलायस तो वेणीचा फोटो मी काढला होता. त्याची एक प्रत पाठव. तुझी नवी आईही गेली, घर खायला उठतं.

प्रकृतीला जप, म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस, नमस्कार.

मी असं विचारलं होतं, हे मला आठवत नव्हतं. तुम्हाला शब्द न् शब्द आठवतो. त्या वयात मला फोटो गेले आणि आई गेली यातला फरक कळत नव्हता. तुम्हाला कळत होता, आणि तरी तुम्ही हो म्हणालात.

तुमची प्रत करायला दिली नाही असं नाही. फोटोच्या दुकानातल्या पोरीकडून फोनवर मोठी करून घेतली, तुमचा चष्मा जाड म्हणून. रविवारी लेकीला शेजारी बसवलं, कुठलं बटण ते तिला दाखवलं आणि तुमची प्रत पुसली. दादालाही बजावलंय, त्याच्याकडून मिळणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी पुसलं. आता खुशाल त्या नावाने हाक मारा. लोभाचं काही लिहीत नाही.

पुसणी